नंदीघरातला शेवटचा पोळा

“यवतमाळला? फिरायला?” ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी इतक्या आश्चर्यानं विचारलं, की आपण चुकून दुसऱ्याच गावाचं नाव घेतलं की काय, असं मलाच वाटलं. फिरायला नव्हे, कामाला, असं मी सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

मी पुण्यातल्या एका कला संग्रहालयात काम करते. जुन्या लाकडी मूर्ती, खांब, पालख्या, देव्हारे आमच्या विभागात येतात. त्यांच्यावरची धूळ, धूर, तेल आणि मागाहून कुणी तरी हौसेनं चढवलेले रंग काढायचे आणि खालचा मूळ रंग सांभाळायचा, हा माझा धंदा. “बायको कापसाच्या बोळ्यानं देवांची तोंडं पुसते,” असं माझा नवरा लोकांना सांगतो. त्यात फारसं खोटं नाही. धीर लागतो, नजर लागते आणि सगळ्यांवर “हात लावू नका” असं ओरडायची सवय लागते. ती मला घरातही लागली आहे.

तर यंदा पोळ्याच्या आधी महागावहून शोभाचा फोन आला. माझे वडील नोकरीमुळं महागावात होते, आणि दहावीपर्यंत शोभा माझ्या बाकावर होती. तिचे बाबा, नामदेव वाढई, म्हणजे सुतार. तान्ह्या पोळ्याला पोरं जे लाकडी बैल घेऊन मिरवतात, ते सागाचे नंदी पंचक्रोशीत त्यांच्यासारखे कुणी केले नाहीत. शोभा पुढं शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली. निवृत्त झाल्यावर तिनं एका बंद कापूस-जिनिंगचं गोडाऊन मागून घेतलं, गावोगाव हिंडून माळ्यांवर पडलेले जुने नंदी जमवले आणि त्याचं संग्रहालय केलं. नाव ठेवलं ‘नंदीघर’.

“नले,” फोनवर ती म्हणाली, “माह्यानं आता होत नाही वं. गुडघे गेले. पोरगी हैदराबादले बलावून राह्यली. तुम्ही घेऊन जा हे सारे बैल. बाबाचा तेवढा नीट ठेवा, म्हणजे झालं.”

आमच्या साहेबांनी फोटो पाहिले आणि नामदेवकाकांच्या बैलावर बोट ठेवलं. हळदीसारखा पिवळा, शिंगं लाल, चार लाकडी चाकांच्या पाटावर उभा. रंग जुना, पण जागच्या जागी. “हा मिळाला तर बाकीचे घेऊ. मूळ रंग शाबूत आहे ना, तेवढं खात्रीनं बघून या,” ते म्हणाले. मी माझी पेटी भरली आणि निघाले.

यवतमाळ

शोभा मला घ्यायला यवतमाळच्या स्टँडवर आली होती. कशाला एवढ्या लांब आलीस म्हटलं, तर म्हणाली, “तू पुण्याची झाली. चुकली गिकली तर?” दिसायला ती तशीच आहे. केस पांढरे झालेत आणि चालताना डावा पाय जरा ओढते, पण बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याचं माप घेतल्यासारखं डोळे बारीक करणं तेच.

आधी पोहे खाल्ले. पुण्यात पोह्यांवर खोबरं भुरभुरून लोक तृप्त होतात. इथं पोह्यांवर तर्री ओततात, तिखटजाळ, हरभऱ्यांची, आणि डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय आपण खाल्लं असं कुणी मानत नाही. “वरून सांबार टाका जरा,” शोभा म्हणाली आणि पोऱ्यानं मूठभर कोथिंबीर टाकली. लग्नानंतर पुण्यात मी भाजीवाल्याकडं सांबार मागितलं होतं, तेव्हा त्यानं मला समोरच्या इडलीच्या गाडीकडं पाठवलं होतं. हे मी शोभाला सांगितलं, तर ती एवढी हसली की बाकाचा पाय वाजला.

मग हसू ओसरलं आणि ती खरं बोलली. गुडघे हे निमित्त होतं.

“दर शनिवारी पोट्टे येतात. कागद देते, पेन्सिल देते. सांगते, पाहा आणि काढा. काढतात वं, चांगले काढतात. पण सारे बाबाचाच बैल काढतात. पिवळा आंग, लाल शिंगं. जसाच्या तसा. इतके वर्षं झाले, एका पोट्ट्यानं आपल्या मनचा बैल नाही काढला.”

“लहान आहेत गं.”

“आपण लहान नव्हतो? मले वाटलं होतं, हे बैल पाह्यतील तर यायच्या डोकशात काही तरी उगवंन. काही नाही उगवलं. मी फक्त राखण केली. राखणच करायची तर तुमच्याकडं जास्त चांगली होते.”

आमच्याकडंही शाळांच्या सहली येतात. रांगेनं येतात, रांगेनं जातात, आणि मधल्या वेळात मी त्यांना काचेपासून लांब ठेवते. त्यातल्या कुणाच्या डोक्यात काय उगवतं, हे मी कधी विचारलेलं नाही.

महागाव, खांदशेकणीची संध्याकाळ

आर्णी सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सोयाबीन आणि कपाशी, मधूनच तुरीच्या ओळी. वर ढग होते पण पाऊस नव्हता. मला प्रत्येक वळणाला काही तरी आठवत होतं आणि मी शोभाला तेच ते विचारून हैराण करत होते. ते चिंचेचं बन? तोडलं. ती विहीर? आहे, पण जाळी बसवली. पाटील मास्तरांची सायकल? “नले, मास्तर जाऊन किती वर्षं झाली आणि तू सायकल इचारून राह्यली!”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूपहळद लावून शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.” आम्ही उतरलो तेव्हा गल्लीत तेच चाललं होतं. बैल आता कमी झालेत. पण ज्यांच्या दारात जोडी आहे, त्यांच्याकडं शेजारीपाजारी हळदीची वाटी घेऊन जमले होते. एका घरी बैल नव्हता, तर म्हाताऱ्यानं ट्रॅक्टरच्या बॉनेटला हळद लावली. मला हसू आलं. आमचं भाड्याचं घर याच गल्लीत होतं. याच वेळी मी शोभाकडं पळायची, कारण नामदेवकाका खांदशेकणीलाच नंदी रंगवायला बसत.

त्यांच्या पडवीत मी किती तास काढले असतील! सागाचा भुसा, त्याचा तो कडवट गोड वास, कोपऱ्यात डिंकाचं भांडं. काका बोलायचे थोडं. लाकडाचा एखादा तुकडा हातात द्यायचे आणि म्हणायचे, “धरून पाह्य.” बस, एवढंच. मग मी तो तुकडा धरून बसायची. कधी त्यात मला पक्षी दिसायचा, कधी माझ्या आईचं नाक. लाकूड कुठल्या बाजूनं वाढलं होतं हे मला बोटांनी कळतं, याचं आमच्या विभागात सगळ्यांना कौतुक आहे. ते मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं संग्रहालय ती पडवी होती, आणि तिथं कुणी “हात लावू नका” म्हणत नसे.

“चल, आधी बैल पाहू,” मी म्हणाले. “चहा मग.”

गोडाऊनच्या दाराशी पोरांचा घोळका होता. शोभाला बघताच ती आरडाओरडा करत आत पळाली. दारातच मला वास आला. माझ्या धंद्यात या वासाला मी जितकी घाबरते तितकी आगीलाही घाबरत नसेन. ताज्या ऑइलपेंटचा वास.

बल्ब लागले. फळ्यांवर, बाकांवर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर नंदीघरातले सगळे नंदी उभे होते, आणि सगळेच्या सगळे ओले, चकचकीत, नवेकोरे रंगवलेले होते.

शोभा सकाळी निघताना शेजारच्या चंद्रकलाबाईंकडं किल्ल्या देऊन गेली होती. पोरांनी धूळ झाडायची, झाडू मारायचा, एवढंच ठरलं होतं. पण उद्या पोळा. परवा तान्हा पोळा. बैलाला न रंगवता पोळ्यात नेणं हे या गावात कुणाच्या कल्पनेतही येत नाही. त्यातून पोरांना कळलं होतं की बैल कायमचे पुण्याला चाललेत. मग काय, घरोघरचे उरलेले डबे निघाले. फाटकाचा निळा, ट्रॉलीचा लाल, दाराचा हिरवा, कुणाच्या तरी टाकीचा चांदी.

“मॅडम, आम्ही सारे रंगवले!” दोन वेण्या घातलेली, कोपरापर्यंत गुलाबी झालेली एक मुलगी पुढं आली. “बाहेरगावी चालले नं ते. तसेच फिक्के पाठवले तर लोक काय म्हणतील? म्हणतील, महागाववाल्यायनं नवा कपडाही नाही घेतला.”

मी शोभाकडं बघितलं. ती त्या पोरांकडं बघतच नव्हती. तिची नजर भिंतीशी असलेल्या काचेच्या कपाटावर होती. संपूर्ण नंदीघरात तेवढ्या एकाच कपाटाला कुलूप असायचं. कुलपाची किल्ली त्याच जुडग्यात होती.

कपाटात नामदेवकाकांचा बैल उभा होता. पिवळा कुठंच नव्हता. गर्द गुलाबी अंगावर पांढरे आणि काळे त्रिकोण, त्यांच्या ओळींमध्ये पिवळे ठिपके, आणि पाठीवरच्या झुलीवर खरेखुरे छोटे गोल आरसे चिकटवलेले.

“हा म्या केला,” ती मुलगी म्हणाली. तिचं नाव मानसी. जवळच्या तांड्यावरून शाळेत येते. “माह्या याडीच्या फेटियावर असंच आहे.” याडी म्हणजे तिची आई, आणि फेटिया म्हणजे बंजारा बायांचा आरशांचा घागरा.

शोभा ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “घरी जा पोट्टेहो. अंधार पडला.” पोरं एकमेकांकडं बघत निघून गेली. तिनं बल्ब बंद केले, कुलूप लावलं, आणि आम्ही घरी आलो.

ताट तिनं नुसतं चिवडलं. “बाबा गेले त्याच्या आदल्या पोळ्याचा होता तो पिवळा,” ती म्हणाली. “त्याच्यावर त्यायचा ब्रश फिरला होता, नले. मी त्याच्यावर पाणीही पडू नाही देल्लं.”

“निघेल तो गुलाबी,” मी म्हणाले. “ताजा आहे. खालचा रंग जुना, टणक झालेला. बोळ्या बोळ्यानं काढला तर खालचा पिवळा जशाच्या तसा मिळेल. मी हेच करते गं शोभे, आयुष्यभर दुसरं काय केलं?”

“निघंन?”

“निघेल.”

तेव्हा कुठं तिनं पोळीचा घास तोंडात घातला.

पोळा

पोळ्याच्या दिवशी विदर्भात पाहुण्याला जेवू घालतात ते शिक्षा केल्यासारखं. शोभानं सकाळी पुरण रांधलं आणि हातावर पोळ्या केल्या. आमच्या पुण्याच्या पुरणपोळीतून पलीकडचं दिसतं. हिच्यातून फक्त पुरण दिसतं. ती वाटीभर तुपात बुडवून खायची, जोडीला कढी, वडे, भजी आणि अंबाडीची भाजी. जेवून उठताना मी भिंतीचा आधार घेतला. शोभा हसली, पण तिचं मन कपाटात अडकलेलं होतं.

गावचा पोळा संध्याकाळी फुटायचा होता. गल्ल्यांतून बैलांच्या घाट्या वाजत होत्या. आम्ही दोघी दुपारीच नंदीघरात गेलो आणि दार ओढून घेतलं. मी टेबलावर पांढरं कापड अंथरलं, बैल त्यावर घेतला, भिंग डोळ्याला लावलं. पेटीतले बोळे पुरणार नाहीत असं दिसल्यावर शोभानं घरच्या देवघरातून वातीचा कापूस आणला. बांबूच्या काडीला तो गुंडाळून, टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओला करून, मी डाव्या कुशीपासून सुरुवात केली.

घासायचं नाही. काडी फिरवायची, उचलायची, टाकायची. गुलाबी विरघळत होता. थोड्याच वेळात नखाएवढी खिडकी झाली आणि तिच्यात पिवळा दिसला. हळदीसारखा, शांत. शोभानं माझा दंड घट्ट धरला.

“आहे,” मी म्हणाले. “सांगितलं होतं ना?”

तेवढ्यात दार किलकिलं झालं. मानसी उभी होती. नवा फ्रॉक, हातात झाकलेलं ताट. बैलांना नैवेद्य आणला होता तिनं. तिनं टेबलाकडं पाहिलं, मग शेजारी पडलेल्या गुलाबी बोळ्यांच्या ढिगाकडं.

“मावशी,” तिनं मला विचारलं, “काहून पुसून राह्यल्या? चांगला नाही झाला काय?”

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं. मूळ पृष्ठभाग, जुना रंग, नंतरची भर, असं मी व्याख्यानात तासभर सांगू शकते. पण तिनं ते विचारलं नव्हतं. आणि बैल चांगला झाला होता. खोटं कशाला बोलू? काम सुरू करायच्या आधी, दुपारच्या उजेडात मी सगळे बैल नीट पाहिले होते. एकाच्या कपाळावर ट्रॅक्टरचे दिवे होते आणि शेपटीखाली नंबराची पाटी. एक सगळा निळा, त्याच्या पाठीवर पिंपळाचं पांढरं पान. विहाराजवळ राहणाऱ्या मुलानं ते काढलं होतं, देठाकडची शीर न् शीर बघून. एकाच्या पोटावर सोयाबीनच्या शेंगा लोंबत होत्या. एकानं गॉगल घातला होता. शनिवारी कागदावर ज्यांना पिवळ्याशिवाय काही सुचत नव्हतं, तीच ही पोरं. त्यांना कागद नको होता. बैल हवा होता हातात.

मी भिंग परत डोळ्याला लावलं, निव्वळ तिच्याकडं बघायला नको म्हणून. आणि पिवळ्याच्या कडेला, जिथं फार पूर्वी एक टवका उडाला होता, तिथं मला भलतंच दिसलं.

“शोभे, इकडं ये. हे बघ.”

पिवळ्याखाली हिरवा होता. हिरव्याखाली पांढरा. पांढऱ्याखाली आकाशी, त्याखाली वीटकरी, आणि अगदी खाली, लाकडाला चिकटून, जांभळा.

शोभानं डोळा बारीक करून भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं बोलायला सुरुवात केली, माझ्याशी की स्वतःशी कुणास ठाऊक.

“हिरवा म्या सांगतला होता. कॉलेजात होती तवा. पांढरा... पांढऱ्याले बाबा म्हणे, मळंन. मी म्हटलं, मळू द्या. जांभळा पाह्यला का तू? जांभळा रंग भेटेच ना दुकानात. निळ्यात लाल कालवून कालवून बनवला, आंगणभर सांडला, माय किती बोलली आम्हाले! बाबा दर खांदशेकणीले मले समोर बसवत आणि इचारत, यंदा कोणता लावू? मी सांगन तो लावत. आदल्या वर्षीचा केवढाही चांगला असो, त्याच्यावरच लावत.”

“तुला कधी नाही म्हणाले नाहीत?”

“कधीच नाही.”

ती खाली बसली आणि रडायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, लहान मुलीसारखी रडली. मानसी घाबरली. ताट खाली ठेवून ती तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, “मॅडम, मी स्वतः पुसते. रडू नोका.”

“नोको,” शोभानं तिचा हात पकडला. “नले, तूही थांब. ठेव ते काडी.”

“अगं, पण पिवळा मिळतोय. संध्याकाळपर्यंत—”

“आहे नं तो तेथं? गेला तर नाही कोठी. आहे तेवढं पुरे.”

माझ्या हातात काडी तशीच होती. साहेबांना काय सांगायचं, हा विचार मनात आला, हे कबूल केलं पाहिजे. आतून वाईटही वाटत होतं. इतका नितळ जुना रंग परत झाकला जाणार होता आणि मला तो थांबवता आला असता. पण तो बैल माझा नव्हता. मी काडी बरणीत टाकली.

शोभानं डोळे पुसले, बैल उचलून मानसीसमोर धरला आणि ती उघडी खिडकी तिला दाखवली. “इथचा रंग गेला. काय लावू इथी?”

मानसीनं ओठ चावत विचार केला. फार वेळ घेतला. शोभानं तिला घाई केली नाही. “काळा लावा,” ती शेवटी म्हणाली. “काळ्यावर आरसा शोभते.”

काळा डबा कोपऱ्यात होता. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात ब्रश देणाऱ्या शोभानं स्वतः ब्रश घेतला. बाबा गेल्यापासून तिनं नंदीला रंग लावलेला नव्हता. तिनं खिडकीवर काळा फिरवला.

“मॅडम,” मानसी म्हणाली, “रंग बाहेर गेला.”

“जाऊ दे,” शोभा म्हणाली. “आरसा आण.”

तान्हा पोळा

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना फोन करून सांगितलं की हा संग्रह आपल्या उपयोगाचा राहिलेला नाही. “मूळ रंग गेला?” त्यांनी विचारलं. “मूळ रंग कोणता हेच ठरवता येत नाही,” मी म्हणाले. ते हळहळले. शोभानंही हैदराबादला लेकीला फोन केला. येते, पण दिवाळीनंतर, आणि राहायला नाही, भेटायला, असं तिनं सांगितलं. पलीकडून बराच आवाज चढला होता. गुडघ्यांचं काय, असं विचारत असणार. “गुडघे हैदराबादले येऊन कोवळे होतील काय?” शोभा म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मंदिरापुढच्या मैदानात तान्हा पोळा भरला. डोक्याला फेटे बांधलेली एवढीशी पोरं, कुणी शेतकरी झालेलं, कुणी शिवाजी महाराज, आणि प्रत्येकाच्या हातात बैलाची दोरी. चाकांचा खडखडाट नुसता. इतर पोरांकडं दुकानातले सोनेरी मुलाम्याचे बैल जास्त होते. पण नंदीघराची फौज आली तेव्हा माणसं बघायला उठून उभी राहिली. ट्रॅक्टरचे दिवे लावलेल्या बैलावरून दोन आजोबांत वाद झाला. एक म्हणाला, असा बैल असते काय? दुसरा म्हणाला, काहून नसते, माह्या घरी तसाच उभा आहे, फक्त डिझल पेते.

पोळ्यात बैलापुढं उभं राहून चार ओळी म्हणायची रीत आहे, तिला झडत्या म्हणतात. ज्याला सुचेल त्यानं पुढं यावं. मानसी पुढं आली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“पुण्याहून आली मावशी, चष्मा लावून पाह्यते,
बैल आमचा महागावचा, महागावातच राह्यते!”

“हर हर महादेव!” सगळं मैदान ओरडलं. मी हसून हसून बेजार झाले आणि चष्मा काढून डोळे पुसले, तर त्यावरही पोरांनी टाळ्या पिटल्या. मग घरोघर बैल फिरले. पोरांच्या खिशांत नाणी आणि चॉकलेटं भरली. एका चाकाचा खिळा निघाला तो कुणी तरी दगडानं ठोकला. एका शिंगाचा रंग माझ्या साडीला लागला. ती साडी मी अजून धुवायला टाकलेली नाही.

दिवेलागणीला बैल नंदीघरात परत यायला लागले. पोरं आपापला बैल फळीवर ठेवून, त्याच्या तोंडाला हात लावून निघून जात होती. मानसी सगळ्यांत शेवटी आली. तिनं नामदेवकाकांचा बैल कपाटात ठेवला, पण दोरी तिच्या हातातून सुटेना.

शोभा तिच्याकडं बघत होती. मग पुढं झाली, बैल कपाटातून बाहेर काढला आणि पोरीच्या कडेवर दिला. “घेऊन जा घरी. तुह्या याडीले दाखव. पुढच्या पोळ्याले आणजो.”

नोंद नाही, पावती नाही, तांड्यावरचं घर, चूल, धूर, पावसाळी ओल. शोभाच्या चेहऱ्याकडं बघितलं तर तिथं परवाची ती भीती नव्हती. माझ्या ओळखीतली जी शोभा अंगणभर जांभळा सांडून आईची बोलणी खात उभी होती, तीच ही. मला एकदम फार बरं वाटलं आणि त्याच वेळी नामदेवकाकांची इतकी आठवण आली की मी पाठ फिरवून उगाचच खिडकी लावून घेतली.

मानसी बैल घेऊन दारापर्यंत गेली आणि थांबली. मागं वळून तिनं त्या रिकाम्या कपाटाकडं पाहिलं.

“मॅडम, मी नवा बैल बनवला, अगदी लाकडापासून, तर तो इथी ठेवसान काय?”

“आधी बनव तर खरी,” शोभा म्हणाली, आणि पदराचं टोक घेऊन रिकाम्या कपाटाची काच आतून पुसायला लागली.